हॉर्न मॅडमचा जबडा

गाडी शिकवणाऱ्या शाळेत सगळे तिला 'हॉर्न मॅडम' म्हणत. अर्थात, तिच्या माघारी. शिकणाऱ्याने क्लच सोडून भलतंच काही दाबलं की शेजारच्या सीटवरून अशी आरोळी उठायची, की चौकात रस्ता ओलांडणारी माणसंही जागच्या जागी थबकायची. हे टोपणनाव तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. लोक आवाजाबद्दल बोलत असले की हनुवटीबद्दल बोलत नसत.

तिचा खालचा जबडा वरच्याच्या चांगलाच पुढे आलेला होता. समोरचे दात जन्मात एकमेकांना भेटले नव्हते. पाव खायचा तर हाताने तोडून, सफरचंद खायचं तर सुरीने कापून. चारचौघांत जेवायची वेळ आली की ती "मला भूक नाही" म्हणून मोकळी व्हायची आणि घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवायची. संध्याकाळ झाली की कानाजवळचं हाड ठणकायला लागायचं, तिथून ते दुखणं डोक्यात चढायचं.

हा जबडा तिच्या वडिलांकडून आला होता. आई ती लहान असतानाच गेली. घरात दोघंच, ती आणि बाबा. बाबांचा सगळा जन्म कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेला. त्यांची पुढे आलेली हनुवटी लोकांना करारी वाटायची. तेच हाड तिच्या तोंडावर बघून नातेवाईक हळहळायचे. "बापाचं तोंड जसंच्या तसं उचललंय हो पोरीने," असं कुणी म्हणालं की बाबा खिडकीबाहेर बघायला लागायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा स्पष्टच सांगितलं, "नुसते दात सरळ करून भागणार नाही. हाडं सरकवावी लागतील. वरचं पुढे, खालचं मागे."

त्या दिवशी जेवताना तिने बाबांना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"हाडं कापणार?"

"हो."

"आणि परत जोडणार कशी?"

"प्लेटा लावून. स्क्रूने."

"स्क्रू कसले? कुठल्या धातूचे?"

"टायटॅनियमचे, म्हणाल्या."

बाबांनी जरा विचार केला आणि घास तोंडात घातला. "मग ठीक आहे. ते गंजत नाही."

झाली परवानगी. पण एक गोष्ट ती त्यांच्याशी बोलली नाही. ऑपरेशन झालं की आपण त्यांच्यासारखे दिसणार नाही. दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? आईच्या चार वस्तू आणि हा एक चेहरा. दातांना तारा लावून वर्ष-दीड वर्ष गेलं, तरी तिला हा विषय काढायचा धीर झाला नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा तिला वाटलं, आपल्या मानेवर कुणीतरी दुसऱ्याचं डोकं बसवलंय. गाल फुग्यासारखे, ओठ बधिर, नाकात रक्ताची खपली. वरचे-खालचे दात बारीक रबरांनी एकमेकांना बांधलेले. तोंड उघडायला गेली तर उघडेना. श्वास अडकल्यासारखा झाला.

तेवढ्यात एक हात कपाळावर आला. ठेंगणीशी, चष्म्यातली नर्स होती. "नाकाने घ्या श्वास. सावकाश. येतोय की नाही? येतोय. अस्सं." मग तिने उशाशी दोरीला बांधलेली एक छोटी कात्री दाखवली. "उलटी आली, जीव घाबरा झाला, तर मी ही रबरं कचाकच कापते. पापणी लवायच्या आत. तुम्ही काही कोंडलेल्या नाही आहात. दाराची किल्ली इथेच टांगली आहे."

त्या एका वाक्याने तिचा जीव भांड्यात पडला. पुढचे दिवस ती नर्स कामावर आली की आधी कात्रीला हात लावून दाखवायची आणि मगच बाकीचं काम सुरू करायची. बधिर ओठांवरून लाळ कधी ओघळायची ते तिला स्वतःला कळायचं नाही. नर्स बोलता बोलता, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ती पुसून टाकायची. कात्री काही वापरावी लागली नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघर बाबांनी ताब्यात घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काही आठवडे सगळं पातळ, तेही शिरिंजने गालाच्या आतून सोडायचं. बाबांनी उकडलेलं गाजर आणि बटाटा मिक्सरमध्ये फिरवून पहिलं सूप केलं. शिरिंजमध्ये भरलं, दट्ट्या दाबला आणि सूप मध्येच अडकलं. जोर लावला तसं फस्सकन उडालं आणि थेट त्यांच्या चष्म्यावर आलं.

तिला हसू आलं आणि हसल्याबरोबर अख्ख्या तोंडातून कळ गेली. "हहऊ नका," ती दातांआडून म्हणाली.

"मी कुठे हसवतोय? हा माल जाड निघालाय," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

त्यांनी ते मनावरच घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सूप आधी गाळणीतून आणि मग धुतलेल्या मलमलीतून गाळलं जाऊ लागलं. तिच्या तोंडात जाण्याआधी ते शिरिंजमध्ये ओढून, परत सोडून, धार तुटतेय का ते बघायचे. धार तुटली की भांडं पुन्हा मिक्सरमध्ये. आणि भरवताना, नकळत, ते स्वतःच तोंडाचा मोठा आ करायचे. पाळण्यातल्या बाळाला भरवताना आया करतात तसा. एवढ्या करारी हनुवटीचा माणूस समोर आ वासून बसलेला बघून तिचे डोळे भरून यायचे. ते पाणी औषधामुळे येतंय, अशी तिने त्यांची समजूत करून दिली होती.

सगळेच दिवस असे गोड नव्हते. सूज उतरायचं नाव घेईना. कपडे ढगळ व्हायला लागले. बर्फाच्या पिशव्या दोन्ही हातांनी गालांना धरून बसल्यावर हातांना दुसरं काही करता येईना. एका दुपारी ती आरशासमोर गेली आणि तिथल्या गोल, निळ्या-पिवळ्या, परक्या बाईकडे बघून तिचा बांध फुटला. तोंड बंद ठेवून रडणं म्हणजे नाक चोंदणं आणि नाक चोंदलं की श्वासाचे हाल. बाबा धावत आले. तिने फोनवर लिहून त्यांच्यापुढे धरलं, 'हा चेहरा कोणाचा आहे?'

बाबांनी फोन लांब धरून वाचलं. "हा सुजेचा आहे," ते म्हणाले. "तिला जाऊ दे. मग खाली कोण आहे ते बघू."

त्याच सुमारास शिंपीणबाई आल्या. साठी उलटलेल्या, शिवणकाम करणाऱ्या ह्या बाई तिच्याकडे गाडी शिकत होत्या. नवरा गेल्यापासून गाडी दारात नुसती उभी होती आणि मुलगी दुसऱ्या गावात राहत होती. "मला कुणी न्यायला-आणायला नको. माझी मी जाणार," असा त्यांचा हट्ट. परीक्षेत एकदा नापास झाल्या होत्या आणि पुढची तारीख जवळ येत होती.

त्यांनी तिचे बर्फाने ओले झालेले हात बघितले आणि पिशवीतून टेप काढली. कानापासून कानापर्यंत, हनुवटीखालून डोक्यावरपर्यंत मापं घेतली. "माझ्या धंद्यात एक बरं असतं," त्या म्हणाल्या, "माप द्यायला गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागत नाही."

दोन दिवसांनी त्या मऊ सुती पट्टा घेऊन आल्या. दोन्ही गालांशी अस्तर लावलेले खिसे, खिशांत बर्फाच्या पिशव्या आणि डोक्यावर गाठ. पट्टा बांधला आणि कितीतरी दिवसांनी तिचे दोन्ही हात मोकळे झाले. त्या मोकळ्या हातांनी तिने आधी शिंपीणबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"राहू दे गं पोरी," त्या म्हणाल्या. "एवढुसा तर कपडा लागला."

पुढे डॉक्टरीणबाईंनी बाहेर पडायला हरकत नाही म्हटलं, तशी ती शिंपीणबाईंच्या शेजारी गाडीत जाऊन बसली. ओरडायची तर सोयच नव्हती. ठरलं असं, की तिने डॅशबोर्डवर एक टिचकी मारली की हळू आणि दोन मारल्या की थांबा. तिचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर तयार होताच.

शिंपीणबाईंनी गाडी काढली. वळण घेतलं, चढावर थांबवली, मागे न सरकता पुन्हा उचलली. बाजारातल्या अरुंद रस्त्याने समोरून येणाऱ्या टेम्पोला वाट देत बाहेर आणली. तिने पुन्हा पुन्हा टिचकी मारायला बोट उचललं आणि पुन्हा पुन्हा खाली ठेवलं. ह्याच बाई आधी तिच्या शेजारी बसून चाक असं घट्ट धरायच्या, जसं काही कुणी ते हिसकावून नेणार आहे!

गाडी बंद करून शिंपीणबाई म्हणाल्या, "राग मानू नकोस हं. पण आज पहिल्यांदा मला रस्ता ऐकू आला."

तिला आधी लाज वाटली. मग हसू आलं, आणि ह्या वेळी फारसं दुखलं नाही. शिंपीणबाई परीक्षेत पास झाल्या. मुलीच्या गावी पोचल्यावर त्यांनी फोन केला, तो नुसता हॉर्न वाजवून दाखवायला.

रबरं निघाली, तरी बोलणं थोडं जड होतं. त्यातच तिच्या शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. बाबा सोबत आले. खिडकीमागच्या कारकुनाने जुन्या परवान्यावरचा फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ह्या बाई कुठे आहेत?"

"मीच ती."

"छे हो. ह्यांची हनुवटी बघा आणि तुमची बघा."

ती ऑपरेशनबद्दल सांगायला लागली, पण घाईत शब्द एकमेकांत अडखळले. मागे रांग चुळबुळायला लागली. तेव्हा बाबा पुढे झाले आणि त्यांनी खिडकीच्या चौकटीत बाजूने तोंड धरलं, फोटो काढायला बसल्यासारखं.

"आता फोटो बघा," ते म्हणाले, "आणि मला बघा. मी बाप आहे तिचा."

कारकून दोघांकडे बघत राहिला आणि खो खो हसत सुटला. रांगेतही हसू पसरलं. डॉक्टरांचा दाखला पिशवीत होताच. तो जोडून घेऊन त्याने शिक्का मारला.

बाहेर पायऱ्या उतरताना, इतके महिने मनात ठेवलेलं तिने शेवटी विचारलं. "बाबा, वाईट वाटतं का तुम्हाला? मी आता तुमच्यासारखी दिसत नाही."

बाबा थांबले. "तू हाताने पाव तोडायचीस ना, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो," ते म्हणाले. "मलाही तसाच तोडावा लागतो. पण मला कुणी हसलं नाही गं. तुला हसायचे ते सगळं मला ऐकू यायचं." मग म्हणाले, "तुझे डोळे तुझ्या आईचे आहेत. आधी माझ्या जबड्यापुढे ते कुणाला दिसायचेच नाहीत. आता दिसतात. मी बघत असतो."

 घरापर्यंत ती त्यांचा हात धरून चालत आली.

चावून खायची मोकळीक मिळाली तेव्हा तिने आधी उकडलेला बटाटा खाल्ला, मग मऊ पाव. पाव समोरच्या दातांनी तोडला आणि तुकडा तोंडात ठेवून बसून राहिली. बाबांनी विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "शिळा आहे," आणि दोघंही हसले. कानाजवळचं दुखणं गेलं ते गेलंच. खालच्या ओठावरचा एक ठिपका मात्र अजून बधिर होता. तो तसाच राहिला तरी चालेल, असं तिने मनाशी म्हटलं.

एके दिवशी ती फळांची टोपली घेऊन दवाखान्यात गेली. चष्म्यातली नर्स टेबलाशी गोळ्या वेगळ्या करत होती.

"कोण हवंय आपल्याला?" नर्सने विचारलं.

ती चपापली. मग तिच्या लक्षात आलं, ह्या बाईने आपल्याला सुजलेलंच तेवढं पाहिलंय. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही गाल जमतील तेवढे फुगवले, डोळे किलकिले केले आणि दोन बोटांनी हवेत कात्री चालवून दाखवली.

"अगं बाई!" नर्सच्या हातातली गोळी खाली पडली. "तुम्ही होय! तुम्ही एवढ्या बारीक तोंडाच्या आहात?"

मग तिने घरून पाठ करून आणलेलं बोलायला घेतलं. दोन वाक्यं झाली आणि पुढचं आठवेना, म्हणून तिने साध्या शब्दांत सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही हात ठेवला नसता तर मी घाबरून मेलेच असते."

"एवढ्याने कुणी मरत नाही," नर्स म्हणाली, पण तिने चष्मा काढून पुसला. "बरे झाले की लोक आम्हाला विसरतात. विसरावंच. पण कुणी आलं की बरं वाटतं हो. बसा, चहा आलाय."

दोघी खिडकीशी बसल्या. चहा कपातून वर वाफ सोडत होता. तिने फुंकर घालून पहिला घोट घेतला आणि थोडा चहा हनुवटीवर ओघळला. नर्सचा हात सवयीने पुढे आला.

"असू दे," ती म्हणाली, "कळलं मला," आणि तिने स्वतःच पुसला.