डबलगाठ आणि सासूबाईंचा पंखा

आमच्या शेजारचा लिफ्ट-मेकॅनिक कपडे वाळत घालायला अशी तार बांधतो, की तिच्यावर म्हैस वाळत घालावी. धंद्याचा दोष. लिफ्टचा दोर गरजेपेक्षा कैकपट मजबूत हवा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलंय. आख्खी इमारत त्याला 'डबलगाठ' म्हणते.

सासरे गेल्यावर त्याने सासूबाईंना घरी आणलं. बाई खोलीबाहेर येईनात. बोलणं हूं-हूंपुरतं. मग याने टाइमपास म्हणून बंद खोलीत उडवायचं विमान बनवायला घेतलं. पिसाहून हलकं; पोटाखाली रबराचा वेढा, नाकाला लाकडी पंखा. रबर पिळून सोडलं की पंखा फिरतो. पंख्याची पाती बघून सासूबाई पहिल्यांदा बाहेर आल्या.

"जावईबापू, हे काय, गाढवाचे कान?"

तेव्हापासून पंखा त्यांचा, रबर याचं. उडवायचं रविवारी दुपारी, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, कारण झुळूकही चालत नाही. मीही जायचो. काम शून्य, सल्ले भरपूर.

गोम अशी, की रबर जाड असलं की विमान बाणासारखं छताला. आणि हा जाडच लावणार.

"आई, मध्येच तुटलं तर?"

"तुटू दे की! आत माणसं बसलीत का?"

दोनदा विमान छताच्या दिव्यांत अडकलं, दोनदा शिडी आली, खेळाडू ताटकळले. व्यवस्थापक म्हणाला, "आणखी एकदा अडकलं, की तुमचा विमानतळ बंद."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं. डबलगाठ तोंड पाडून माझ्याकडे आला. "हॉल गेला तर त्या परत बाहेर यायच्या नाहीत हो, भाऊ."

"मग रबर बारीक कर की!" मी आपलं बोलून गेलो.

पठ्ठ्याने खरंच रबर उभं चिरलं. चेहरा असा, जणू चालत्या लिफ्टचा दोर कापतोय. पण आता विमान जमीन सोडेना. बारीक रबराला तो पंखा ओढवेना. त्याने दारावर टकटक केली.

"आई, पात्यांचा तिरकेपणा जरा कमी कराल? म्हणजे पंखा हलका फिरेल."

"म्हणजे चूक माझ्या पंख्याची?"

"नाही हो. पंखा जाड रबराला बरोबरच होता. आता मी रबर बदललंय."

दार उघडलं. बाईंनी पाती भिजवली, काचेच्या बरणीला आधीपेक्षा कमी तिरकी बांधली आणि तोच बाक धरावा म्हणून तशीच वाळवली.

रविवारी व्यवस्थापक शिडी धरूनच उभा होता. डबलगाठने रबर पिळलं, सासूबाईंनी विमान सोडलं. ते निवांत गिरक्या घेत चढलं, जेवण झालेल्या साहेबासारखं. दिव्यांच्या जवळ गेलं. मी डोळे मिटले. उघडले तर ते दिव्यांखाली हातभर अंतर ठेवून फिरतंय! मग तसंच गिरक्या घेत खाली आलं आणि पाखरासारखं टेकलं.

"पुढच्या रविवारी या," व्यवस्थापक म्हणाला.

सासूबाईंनी आधी मला झापलं. "तुम्ही जरा लांब उभे राहा. सुस्कारे सोडता, विमान हलतं." मग रबर निरखून जावयाकडे वळल्या. "यात अजून पीळ उरलाय, सगळा उलगडलाच नाही. मी पाती आणखी कमी तिरकी करते, तुम्ही रबर आणखी बारीक करा."

"आणखी?" डबलगाठ ओरडलाच.

"आणखी. आणि उद्या लाकूड घेऊन या. नको, राहू दे. मीच येते दुकानात. तुम्ही जाडच उचलाल."