लाल कार्डं

"तिला लाल एक पन सोडू नको. मॅडमला आपली बोली थोडीच कलते!" माझ्या डावीकडचा मुलगा माझ्या उजवीकडच्याला म्हणाला.

वसईच्या त्या हॉलमधल्या कार्डांच्या स्पर्धेत आम्ही आपापल्या पाकिटातलं एक कार्ड ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवत होतो. जमतील त्यांवरच पुढे खेळायचं. मी लाल कार्डांवर डाव मांडला होता. ती अडली की मी बाहेर.

आई अर्नाळ्याला मासळी सुकवते, हे मी शाळेत कधी कळू दिलं नव्हतं. बोलीही घरीच ठेवली होती.

उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यात एकही लाल नव्हतं. मी पंचांना बोलावलं आणि ही दोघं नियम मोडून संगनमत करताहेत, असं सांगितलं. मला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. दोघं हसले.

"मना कलते यांची बोली," मी म्हणाले. "माजी आय अर्नाल्याची हाय."