निर्यातनाना

काष्टीहून दौंडच्या रस्त्याला लागलं की कोसभरावर डाव्या हाताला गहिनीनाथ लगडांची वस्ती लागते. गहिनीनाथ म्हणून विचारलं तर मात्र पोरंसोरं गोंधळतात. निर्यातनाना म्हटलं की लगेच बोट दाखवतात. हे नाव त्यांना त्यांच्या शाळासोबत्यानं, सहादेवनं, थट्टेत दिलं आणि ते कायमचं चिकटलं.

तोवर नाना चारचौघांसारखे शेतकरी होते. पाण्याची सोय बरी, जमीन काळी, कांदा नेहमी टिकाऊ निघायचा. सभा-मोर्चाची त्यांना आवड नव्हती. एका वर्षी ते बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट बघत होते. पुढच्या ट्रॉलीपर्यंत बोली आली होती. तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं फोन कानाला लावला, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळे व्यापारी बाजूला झाले. परदेशात कांदा पाठवायला बंदी आली होती. संध्याकाळी लिलाव पुन्हा सुरू झाला, पण सकाळचा भाव आता कुणी तोंडातून काढायला तयार नव्हतं.

नानांनी ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारलं, "कोनी केली बंदी?"

"दिल्लीनं."

"दिल्लीत कोनी?"

व्यापारी हसला. "नाना, ते मला कळलं असतं तर मी इथं कशाला बसलो असतो?"

त्या प्रश्नानं नानांना घराबाहेर काढलं. सहादेवला बोलायची हातोटी होती. लग्नात, दशक्रियेत, गणपतीत माईक त्याच्याच हातात असायचा. दोघांनी मिळून कांदा निर्यात हक्क मंच काढला. पहिल्या बैठकीला वस्तीवरचेच लोक होते, पण वर्षभरात श्रीगोंदा, पारनेर, राहुरीकडून माणसं यायला लागली. शेतकरी संपातले पुणतांब्याचे काही जुने आंदोलनवाले येऊन मार्गदर्शन करून गेले. बांगलादेशात सण कधी असतात, श्रीलंकेला कोणता कांदा चालतो, दुबईत पाकिस्तानचा माल कधी उतरतो, हे सगळं नाना लोकांना सांगायला शिकले. पाहुण्यांकडे गेले तरी तेच बोलायचे. त्यांची बायको, पंकजाबाई, एकदा म्हणाल्या, "ढाक्याचं हवामान सांगता, घरात गॅस संपलाय ते न्हाई सांगत कोनी."

एका हिवाळ्यात बंदी पुन्हा आली, तेव्हा मंचाचं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं. नाना, सहादेव आणि इंग्रजी बोलता यावं म्हणून केडगावचे जॉर्ज उजागरे सर. सर शाळेतून निवृत्त झालेले, भावाची शेती राहुरीला, म्हणून ते आपलेपणानं आले. नानांनी सोबत निवडून नेलेले कांदे मंत्रालयाच्या दारावरच्या शिपायानं काढून ठेवले. मग तिघं एका लांबलचक खोलीत बसले. थोड्या वेळानं त्याच खोलीत आणखी एक मंडळ आलं. शहरांत भाजी स्वस्त राहावी म्हणून झटणारी कुठलीशी संघटना, असं सरांनी बोलण्यावरून ताडलं. त्यांच्यातला एक माणूस आतल्या साहेबांच्या सहायकाला नावानं हाक मारत होता, त्याच्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करत होता. ते लोक मागून आले आणि आधी आत गेले.

"हे पगारी हायेत काय?" नानांनी हळूच विचारलं.

"याच कामासाठी नेमलेली माणसं असतात, नाना," सर म्हणाले. "रोज इथंच येतात. आपण वर्षातून एकदा येणार."

बऱ्याच वेळानं यांना बोलावलं. साहेब तरुण होते आणि अदबीनं वागले. त्यांनी पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की शेजारच्या देशाला कांदा द्यायचा की नाही हा नुसता शेतीचा प्रश्न नसतो, त्यात दोन देशांचे संबंध येतात, निवडणुका येतात, आणि ते इथं ठरत नाही. कुठं ठरतं, असं नानांनी सरांकरवी विचारलं. साहेब म्हणाले, "तुमची भावना वरपर्यंत पोचवतो."

परतीच्या गाडीत सहादेव वरच्या बर्थवर पडून छताकडे बघत होता. खाली वाकून म्हणाला, "नाना, दिल्लीला जाऊन काय बी व्हायचं न्हाई. यांना मताचीच भाषा कळती."

लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. मंचानं ठरवलं, जो उमेदवार निर्यात खुली ठेवण्याचा शब्द जाहीर सभेत देईल त्यालाच मत. जात बघायची नाही, पक्ष बघायचा नाही. नानांनी त्या उन्हाळ्यात स्वतःच्या शेताकडे फारसं बघितलं नाही. गावोगावी देवळाच्या पारावर, चर्चच्या पटांगणात, दूध डेअरीसमोर ते एकच गोष्ट सांगत फिरले. सहादेव बोलायला उभा राहिला की माणसं जागची हलायची नाहीत. शेवटी काष्टीच्या बाजारतळावर एका उमेदवारानं हात वर करून शब्द दिला. नानांना त्यानं शेजारी उभं केलं, गळ्यात हात टाकला. फोटो घरोघरच्या मोबाईलवर गेला. उमेदवार निवडून आला, आणि विजयाच्या भाषणात त्यानं मंचाचं नाव घेतलं. त्या रात्री नाना पंकजाबाईंना म्हणाले, "जमलं बघ."

बंदी उठली होती, पण तिच्या जागी निर्यातीवर कर बसला होता. खासदारांना भेटायला गेलं की ते दौऱ्यावर असायचे. भेटले तेव्हा म्हणाले, "संसदेत प्रश्न मांडलाय." तो मांडलाही होता, खोटं नव्हतं. पुढं बऱ्याच महिन्यांनी करही गेला. मंचाची मागणी अखेर पूर्ण झाली. लोकांनी नानांचा सत्कार करायचं घाटलं.

सत्कार झालाच नाही, कारण तोवर बांगलादेशानं आपल्याकडून माल घेणं जवळजवळ थांबवलं होतं. तिथं सरकार बदललं होतं, संबंध बिघडले होते, त्यांना त्यांच्या शेतकऱ्याचा कांदा विकायचा होता. श्रीलंका दुसरीकडून घेत होती. वारंवारच्या बंदीला कंटाळून गिऱ्हाइकानं दुसरी दुकानं शोधली होती. आपलं दार उघडलं, पण पलीकडचं लागलेलं होतं. साठवणीच्या चाळीतला कांदा खालून पाणी सोडायला लागला, त्याला मोड आले, आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जाऊ लागला.

नाना पुन्हा खासदारांकडे गेले. "साहेब, आता त्यांच्याशी बोला की."

"नाना, दुसऱ्या देशाला मी काय सांगणार? ते परराष्ट्र खात्याचं काम."

"मग त्या खात्याला सांगा."

खासदारांनी दारातल्या माणसांकडे बघितलं. "तुम्ही सहादेवरावांशी बोला. आता ते आमचंच काम बघतात."

नानांना हे तिथं कळलं. ते थेट सहादेवच्या घरी गेले. ओट्यावर नव्या खुर्च्या होत्या, भिंतीवर पक्षाचा फलक होता. सहादेवनं चहा मागवला.

"तू सांगितलं न्हाईस," नाना म्हणाले.

"सांगनार हुतो. तू बोलू दिलं नसतंस." सहादेवनं कप नानांपुढं सरकवला. "नाना, आपन बाहेरून वरडून वरडून थकलो. आत जाऊन काय जमतंय का बघतो. पंचायत समितीला उभा ऱ्हानार हाय. मंच पक्षात घेऊ म्हन्तात, शेतकरी आघाडी म्हनून."

"आन् निर्यात?"

"निर्यातीचं आता काय ऱ्हायलंय?"

 नाना चहा संपवून उठले. मंचाची शेवटची बैठक त्यांनी देवळात बोलावली. उजागरे सर केडगावहून एसटीनं आले, आदिनाथ नावाचा पारनेरचा एक जुना कार्यकर्ता आला, आणि दोन म्हातारे तसेही देवळातच बसलेले होते. सरांनी विचारलं, पुढं काय करायचं? नाना म्हणाले, "सर, तुमी पुन्हा नका येऊ. लई लांब पडतं." मग सगळ्यांनी सावलीत बसून थोडा वेळ पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या.

त्या हंगामात नानांनी कांदा केला नाही. पंकजाबाईंच्या सांगण्यावरून ऊस लावला. साखर कारखान्याचा माणूस नोंद घ्यायला आला, तेव्हा नानांनी सवयीनं विचारलं, साखर बाहेर जाते का? "सरकार जाऊ देतं तेवढीच," तो म्हणाला. नानांनी नोंदीवर सही केली.

निवडणुकीच्या प्रचारात सहादेव वस्तीवर आला. सोबत बरीच माणसं होती, नानांना त्यातली निम्मी अनोळखी. सहादेवनं वाकून पंकजाबाईंना नमस्कार केला, नानांचा हात हातात घेतला.

"मत दे, नाना. जुनं मनात ठिवू नको."

"देतो," नाना म्हणाले.

मतदानाच्या दिवशी ते सकाळीच जाऊन आले. बोटाची शाई बघत ओट्यावर बसले. पंकजाबाईंनी भाकरी वाढली आणि विचारलं, "कोनाला दिलं?"

"सहादेवला."

"त्यानं एवढं करून?"

"मशीनवर बाकीच्यांची नावं वळखीची बी नव्हती," नाना म्हणाले, आणि भाकरी मोडायला लागले.

सहादेव निवडून आला. मिरवणूक वस्तीच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा नाना उसाला पाणी देत होते. ढोलांचा आवाज जवळ आला, गुलालाचा ढग उठला आणि आवाज दौंडच्या बाजूला निघून गेला. नाना खोरं घेऊन पुढच्या सरीकडे वळले. तिथं पाणी अजून टोकापर्यंत पोचलं नव्हतं.