निरोपाचा केक

मंडळी, आज ऑफिसात केक खाल्ला, तो अजून घशातच अडकलाय.

इथे नेदरलँड्समध्ये, लायडनला आमच्या विद्यापीठात हुशार मुलांसाठी ऑनर्स प्रोग्रॅम आहे. तो मी आणि मारिके, अशा दोघी चालवतो. म्हणजे आजपर्यंत चालवत होतो. बजेट कापलं आणि मारिकेचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. इथे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा असतो. तिने सफरचंदाचा, घरी भाजून आणला.

डीनसाहेब दोन तुकडे खाऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी प्रवेश वाढले पाहिजेत हं!"

"स्कॉलरशिप तुम्ही बंद केलीत. आता अर्ज तरी कोण वाचणार?" मी विचारलं.

"तू आहेस ना!" म्हणत ते तिसऱ्या तुकड्याकडे वळले.

मारिकेने स्वतःच सुरी धुतली. जाताना मला एक वही दिली. कोणता मुलगा घरच्यांना घाबरतो, कोणती मुलगी परीक्षेआधी जेवत नाही, सगळं तिच्या अक्षरात. हे कुठल्याच सिस्टिममध्ये नाही.

"केकची रेसिपीही देऊन जा गं," मी म्हटलं. ती हसली नाही.

माझं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. मला साधा शिराही धड जमत नाही, तेव्हा सोपा केक येत असेल तर कृती पाठवा.

आणि ती वही कुणाला द्यायची, तेही सांगा.