फुकटच्या मिक्सरची पहिली ओळ

मंडळी, आज पनवेलच्या मासळी बाजारात सुकापूरच्या शबानाभाभींनी मला ओळखलं. माझा रेसिपी ब्लॉग त्या नेमाने वाचतात.

गेल्या आठवड्यात एका मिक्सरबद्दल लिहिताना मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं: हा कंपनीने फुकट दिलाय आणि खालच्या लिंकवरून घेतलात तर मला कमिशन मिळेल. कालपासून कंपनीवाला मागे लागलाय, "ती ओळ काढा, नाहीतर पुढची वस्तू विसरा." मीही डळमळले होते.

भाभी म्हणाल्या, "ती ओळ वाचली, म्हणून बाकीच्यावर भरोसा बसला. सांदणाचे तांदूळ त्यात बारीक होत नाहीत, असं लिहिलंत ना? मग मी घेतलाच नाही. तुमचं कमिशन बुडालं, सॉरी हां!"

सॉरी कसलं भाभी, शुक्रिया! ओळ राहणार. कंपनीवाल्याला आत्ताच कळवलंय.

माझं वाचून अजून कोणी कोणी मिक्सर घेतला नाही, सांगा बघू?