अकरावी खुर्ची

पालिकेच्या इमारतीत त्याला सगळे लिफ्टमामा म्हणत. आवाज मुळातच कमी, आणि घाईचा मनापासून तिटकारा. त्याने आवळलेला नट पुन्हा बघावा लागत नसे. दुसऱ्याने आवळलेला मात्र तो सोडून पुन्हा आवळायचा, आणि त्यावरून माणसं दुखावायची. "लिफ्ट पडताना नट कोणाच्या हातचा ते विचारत बसत नाही," एवढंच तो म्हणे.

त्या दिवशी मात्र त्याचं लक्ष कामात नव्हतं. धाकटी बहीण तिसऱ्या मजल्यावर, सभागृहाच्या दारापाशी, जिन्यात येऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळत होती आणि दोन मुलींना घेऊन एका खोलीत राहत होती. खोलीचं अर्धं भाडं ती भरायची, अर्धं पालिका. ही मदत पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही, हे आजच ठरायचं होतं, कारण पालिकेच्या हिशेबाचं वर्ष आज संपत होतं. आज मंजुरी नाही तर उद्यापासून मदत नाही. घरमालकाने आधीच सांगून ठेवलं होतं, पालिकेचा हिस्सा थांबला की सामान बाहेर. लिफ्टमामाची स्वतःची जागा म्हणजे तळघरात पाण्याच्या पंपाशेजारी टाकलेली खाट. तिथे तिघींना कुठे घेणार?

सभा भरायला अकरा सभासद हजर लागत. दहा आले होते, आणि दहाही मदतीच्या बाजूचे. विरोधातले सगळे घरी बसले होते. गरिबांची मदत बंद करा असं तोंडाने म्हणायला कोणीच तयार नव्हतं. सभाच भरली नाही की परस्पर काम होत होतं. बारापर्यंत अकरावी खुर्ची भरली नाही तर सभा तहकूब, असं अध्यक्षांनी जाहीर केलं होतं.

बारा वाजत आले तेव्हा एक बाई आल्या. म्हाताऱ्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या, हातात काठी. होत्या विरोधी गटाच्याच. फुकट भाड्याने माणसाची कंबर वाकायची सवय जाते, असं भर सभेत बोलणाऱ्या. गटाने त्यांनाही घरीच राहायला सांगितलं होतं. पण त्यांना लपून 'नाही' म्हणणं पटत नव्हतं. "माझी खुर्ची आहे, मी तिच्यावर बसून बोलणार," असं दारातल्या शिपायाला ऐकवून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

दुसरा मजला सोडला आणि लिफ्ट थांबली.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. केबिन तिसऱ्या मजल्याच्या खाली अडकली होती, आणि जाळीतून बाईंचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. बघता बघता गर्दी झाली. सभेच्या सचिवांनी वरून वाकून बाईंना काठी आधी द्या, मग हात द्या, असं सांगायला सुरुवात केली. जाळी उचकटून दोघांनी ओढलं तर अर्ध्या मिनिटात बाहेर येतील, असा त्यांचा हिशेब होता.

लिफ्टमामा आला आणि जाळीला पाठ लावून उभा राहिला. कोणी हात लावायचा नाही, म्हणाला.

"दादा, अरे ओढू दे त्यांना," बहीण म्हणाली. "पाच-सात मिनिटं राहिलीत फक्त."

त्याने जाळीवरची पाठ काढली नाही. लिफ्ट थांबली ती पॅनेलमधला एखादा रिले, विजेचा छोटा स्विच, जळल्यामुळे असणार, त्याचं काही नव्हतं. भीती ब्रेकची होती. त्याचे लायनर, चाक धरून ठेवणारे पट्टे, झिजले होते. बदला म्हणून त्याने दोनदा सांगितलं होतं, पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं होतं. एकच माणूस आत असलं की केबिन हलकी आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन भारी. ब्रेक घसरला की केबिन आपोआप वर सुटते. त्या वेळी माणूस अर्धं आत, अर्धं बाहेर असेल तर पुढचं बोलायला नको.

विरोधी गटाचा एक कार्यकर्ता धापा टाकत जिना चढून आला. त्याने लिफ्टमामाच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मामा, सावकाश होऊ द्या. ब्रेकबिक नीट तपासा. तासभर लागला तरी आमची तक्रार नाही."

उभ्या जन्मात पहिल्यांदाच कोणी त्याला सावकाश कर म्हणत होतं, आणि नेमकं आजच त्याला धावावंसं वाटत होतं.

त्याने बहिणीला जाळीपाशी उभं केलं. केबिनची जमीन आपल्या जमिनीला लागली की ओरड. त्याआधी बोलायचं ते बाईंशी बोल, माझ्याशी नको. आणि जाळीला कोणी हात लावला तर त्याला चाव. एवढं सांगून तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. दार उघडं ठेवलं, म्हणजे जिन्यातला आवाज यावा.

मुख्य स्विच बंद केला. बंद झाला का, ते पुन्हा पाहिलं. मोटारीवर हाताचं चाक चढवलं. चाकाचा एक आरा काखेत धरला, छाती त्यावर टेकली आणि दुसऱ्या हाताने ब्रेक सैल करणारा दांडा दाबला. चाक अंगावर आलं. दांडा सोडला. ब्रेकने धरायला हवं होतं. चाक घसरत गेलं, कुरकुरलं आणि मग कुठे थांबलं. खालून बाईंची किंकाळी आली.

त्याने घाम पुसला. एकदाच दांडा दाबून धरला असता तर केबिन वर आली असती, काम झालं असतं. किंवा थांबलीच नसती. त्याने पाय भिंतीला लावले आणि पुन्हा दाबलं, चिमूटभर. सोडलं. पुन्हा चिमूटभर. दर वेळी चाक त्याला उचलायला बघायचं, आणि तो सगळ्या अंगाने त्याला खाली बसवायचा. तळहाताची साल निघाली. खालून बहिणीचा आवाज एकसारखा येत होता, शब्द कळत नव्हते. सभागृहातून अध्यक्षांच्या घंटेचा आवाज आला. त्या आवाजाने त्याचा हात दांड्यावर जड झाला. त्याने हात उचलला, एक श्वास घेतला, आणि मग दाबलं. चिमूटभरच.

"थांब!" बहीण ओरडली.

त्याने चाक दोराने बांधलं, गाठ ओढून पाहिली, मगच खाली आला. किल्लीने जाळी उघडली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी जाळीतून बहिणीचं मनगट धरून ठेवलं होतं, ते सोडायचं त्यांना सुचेना. "पायरी नाही, सरळ या," तो म्हणाला.

अध्यक्ष तहकुबीसाठी उभे राहिले होते. बाई काठी टेकत आत गेल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते खाली बसले. कार्यकर्ता दारातूनच परत फिरला.

बाई मदतीच्या विरोधात बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. आवाज अजून थरथरत होता, पण एक शब्द मागे घेतला नाही. मग हात वर झाले. दहा बाजूने, एक विरोधात. मदत आणखी एक वर्ष चालू राहणार होती. बहीण दाराबाहेर भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

सभा संपली तेव्हा लिफ्टमामाने जाळीला 'बंद' अशी पाटी लावली होती. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून खाली बघत होत्या. तीन मजले, आणि ते गुडघे. बहीण उठली आणि तिने आपला दंड पुढे केला.

"मी विरोधात मत दिलंय, ऐकलंस ना?" बाई म्हणाल्या.

"ऐकलं की. दारातच होते." तिने बाईंची काठी आपल्या दुसऱ्या हातात घेतली. "आधी एक पाय टाका. तो टेकला की दुसरा."

लिफ्टमामा वर निघाला. ब्रेक खोलायचा होता.