दाराचा वास

शाळेत तिसरा तास चालू असताना शिपायाने तार आणून दिली. ‘सुमती वारली.’ दोनच शब्द, शेजाऱ्यांनी पाठवलेले. दादा बोटीवर, दूर कुठल्यातरी बंदरात. माझी वहिनी पंचेचाळिशीही न गाठता गेली... मुलींना गणित घालून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. आज दीड महिना झाला, आणि मला सारखा एकच दिवस आठवतो आहे.

आरोंद्याच्या आमच्या घराची दारं-खिडक्या फणसाच्या लाकडाच्या, पण त्यांवर हिरव्या तेलरंगाचे थर चढलेले. वहिनीचे वडील वेंगुर्ल्याला लाकूडसामानाला पॉलिश करायचे. ते काम तिच्या हातात उतरलं होतं. शिरोड्याची मंडळी मला बघायला येणार असं ठरलं आणि तिने पदर खोचला. काचेच्या तुकड्याने रंग खरवडायचा, काचकागदाने घासायचं, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापसाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत चढवायची. हिरव्याखालून मधासारखा पिवळा फणस निघाला, तेव्हा आम्ही दोघी बघतच राहिलो.

घोळ झाला तो स्पिरिटचा. दारूबंदीचे दिवस, त्यात खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. होड्यांतून चोरून बाटल्या यायच्या आणि पोलीस कुणाच्याही घरात शिरायचे. मंडळी यायच्या आदल्या दिवशी जमादार दोन शिपाई घेऊन थेट ओटीवर आला.

“वास कसला येतोय?”

“दारूचो न्हय, दाराचो,” वहिनी म्हणाली. हातातला बोळा फिरतच होता.

जमादार हसला नाही. त्याने स्पिरिटची बाटली उचलली. स्पिरिट बाळगायचा परवाना वहिनीच्या वडिलांच्या नावावर, बाटली मात्र आमच्या घरात. “उद्या सकाळी चौकीवर या. नाहीतर आम्ही न्यायला येऊ.”

उद्या! बाबांनी कपाळाला हात लावला. माझा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून बघते तर वहिनी खिडकीची एक झडप बिजागऱ्यांतून सोडवत होती. “थंय पॉलिश करून दाखयतंय,” ती म्हणाली. “आणखी काय करू? तू लुगडा नेसून तयार रव.” झडप डोक्यावर घेऊन ती एकटी निघाली. दादा तेव्हाही बोटीवरच, तिच्यासोबत कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही.

मंडळी वेळेआधीच आली. मुलाच्या आईने टेकता टेकताच विचारलं, “सून खंय तुमची?” बाबांनी पानाचं तबक पुढे केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “माहेराक गेली.”

पाचेक मिनिटं झाली असतील. वहिनी अंगणात उभी... डोक्यावर झडप, चोळी घामाने चिंब. पाहुण्यांकडे बघत तिने सरळ सांगून टाकलं, “चौकीर गेललंय. पॉलिश करून दाखयलंय, तेव्हा सोडल्यानी. बसा, च्या टाकतंय.”

चहा कुणी घेतला नाही. त्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरलेले नाही. पुन्हा निरोप आला नाही. बाबा वहिनीला वाट्टेल ते बोलले, तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्या खोट्याबद्दल मात्र तिने कधी चकार शब्द काढला नाही. पुढे मी शिकले, कोल्हापूरला नोकरीला लागले. दर सुट्टीत आरोंद्याला जायचे, दर वेळी सांगायचं ठरवायचे...

गेल्या मे महिन्यात ती अंथरुणावर होती. मी शेवटी म्हटलं, “वयनी, त्या दिसा मी खोटा बोललंय.”

डोळे न उघडताच ती म्हणाली, “भियालंस तू. मगे मी काय भियाऊक नाय? चौकीर हात असो कापी, बोळ्यातसून पॉलिश गळला. झडपेर ओघळ आसा बघ.”

मी उठून बघितलं. उजेड तिरका पडला की दिसतो, वरून खाली गेलेला, करंगळीएवढा रुंद. इतकी वर्षं मला दिसला नव्हता. दर चतुर्थीआधी वहिनी घरातलं लाकूड न लाकूड घासून काढायची, कुठे खरखरीत राहिलेलं तिला खपायचं नाही. ती झडप तेवढी तिने पुन्हा कधी घासली नाही.

दिवसकार्य आटोपून निघताना मी त्या झडपेपाशी गेले. डोळे मिटून हात फिरवला तरी ओघळ बोटाला लागतो.